अष्टमंगलांचा जुना चिनी वाडगा: बूड आधी, शिक्का शेवटी

जुनी पेटी उघडली आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक रंगीत वाडगा निघाला. बाहेरून गुलाबी कमळे, त्यांच्यावर चक्र, शंख, छत्र, माशांची जोडी, आत फिकट निळसर-हिरवा रंग. अशा वेळी बहुतेक जण पहिल्यांदा वाडगा उलटा करतात, खालच्या चिनी अक्षरांचा फोटो काढतात आणि विचारतात, "हा कोणत्या राजाच्या काळातला?" असे फोटो मला नेहमी येतात. मी प्रत्येकाला एकच सांगते: शिक्का सध्या बाजूला ठेवा. शिक्का लिहायला दोन मिनिटे पुरतात आणि कोणत्याही काळातला कारागीर जुन्या कोणत्याही बादशहाचे नाव लिहू शकतो. माती, रंग, चित्र आणि बूड यांना खोटे बोलणे फार जड जाते.

इथे मी छिंग राजवटीत, म्हणजे १६४४ ते १९११ या काळात घडलेल्या, झिलईवर, म्हणजे वरच्या काचेसारख्या थरावर, रंगीत मीना चढवलेल्या आणि अष्टमंगल, म्हणजे आठ शुभ बौद्ध चिन्हे, असलेल्या वाडग्यांबद्दल लिहिते आहे. भारतातल्या जुन्या घरांतून आणि बाजारातून पुढे येतात ते बहुतेक याच प्रकारातले, किंवा त्यांच्या नकला.

पायरी १: हात लावण्याआधी

अंगठ्या, पाटल्या, बांगड्या, घड्याळ काढा. टेबलावर जाड टॉवेल चौघडी करून पसरा आणि खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात बसा. वाडगा कडेला धरून कधीही उचलू नका. एक हात बुडाखाली, दुसरा पोटाला. दुसऱ्याच्या हातात थेट देऊ नका. टॉवेलवर ठेवा आणि त्याला तिथून उचलू द्या. संग्रहालयांतही हाच शिरस्ता असतो.

आणि धुऊ नका. अजून नाही. बुडाच्या खाचेत साठलेला मळ, आतली झीज, पूर्वी कोणी लावलेला डिंक हा सगळा पुरावा आहे.

जवळ ठेवायच्या गोष्टी थोड्या आहेत: दहापट मोठे दाखवणारे भिंग, छोटी टॉर्च, मोजपट्टी, स्वयंपाकघरातला वजनकाटा. पुढे जमल्यास अतिनील प्रकाशाची टॉर्च घ्या.

पायरी २: अंग ओळखा

पोर्सिलेन ही साधी चिनीमाती नव्हे. च्यांगशी प्रांतातल्या जिंगदेझेन या गावी पांढरी केओलिन माती आणि दळलेला पोर्सिलेन-दगड एकत्र मळून भांडी घडवत आणि सुमारे १३०० अंश सेल्सिअसला भाजत. केओलिन हे नावच त्या गावाजवळच्या काओलिंग या ठिकाणावरून आले. इतक्या तापमानात अंग काचेसारखे एकजीव होते. म्हणून पांढऱ्या आतल्या बाजूच्या पातळ वाडग्यामागे टॉर्च धरली तर उजेड पार येतो आणि बोटांची सावली दिसते. आत निळसर-हिरवा मीना दिलेला असेल तर उजेड अडतो, त्यावरून घाबरू नका.

वाडगा दोनदा भट्टीत गेला आहे, हे लक्षात ठेवा. पुढचे बरेच त्यावर उभे आहे. पहिल्या मोठ्या आचेत अंग आणि पारदर्शक झिलई तयार झाली. मग त्या झिलईवर काचेची पूड आणि धातूंचे रंग मिसळून चित्र काढले आणि सुमारे ७०० ते ८५० अंशांच्या मंद आचेवर पुन्हा भाजले. म्हणजे रंग झिलईच्या वर बसलेला असतो. डोळे मिटून बोटाचे टोक हलकेच फिरवा: कमळाची पाकळी किंचित उंच लागते. निळी रेघ मात्र सपाट लागली, तर ती झिलईखालच्या कोबाल्टची असू शकते, पहिल्याच भाजणीतली.

पायरी ३: रंगांना वय विचारा

नवशिक्याला सगळ्यात लवकर फळ देणारी पायरी हीच, कारण प्रत्येक रंगाला जन्मतारीख असते.

छिंगच्या आधीच्या मिंग राजवटीत छंगह्वा बादशहाच्या कारकिर्दीत (१४६५–१४८७) झिलईखाली निळी बाह्यरेषा आणि आत झिलईवरचे रंग अशी पद्धत बहराला आली. तिला दौत्साय म्हणतात. मिंग बादशहा वानलीच्या काळात (१५७३–१६२०) ठसठशीत लाल-हिरव्या-पिवळ्या रंगांचे वूत्साय गाजले. छिंग बादशहा कांगशीच्या काळात (१६६२–१७२२) पारदर्शक हिरव्याचे राज्य होते. १७२० च्या दशकात गुलाबी आला आणि सगळे बदलले. हा गुलाबी सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांपासून बनतो. त्याच्या जोडीला अपारदर्शक पांढरा होता. तो इतर रंगांत मिसळून पाकळीच्या टोकाला गडद आणि मुळाशी फिकट अशी छटा काढता येऊ लागली. या शैलीला चिनी लोक फनत्साय, म्हणजे मऊ रंग, म्हणतात. यांगत्साय, म्हणजे परदेशी रंग, हेही नाव चालते, कारण दरबारातल्या युरोपीय जेझुइट, म्हणजे एका कॅथलिक संघाच्या, मंडळींचा आणि तिकडच्या मीनाकामाचा त्यात हात होता.

आता या माहितीचा उपयोग पाहा. ओळखीच्या एका घरात मला एक वाडगा दाखवला होता. खाली छंगह्वाचा सहा अक्षरी शिक्का, घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितलेले "पाचशे वर्षांचा आहे". बाहेर सुरेख छटांची गुलाबी कमळे होती. पंधराव्या शतकात तो गुलाबी जगात नव्हता. शिक्का आणि रंग एकमेकांशी भांडले की मी रंगाची बाजू घेते. त्या घरच्या आजींना वाईट वाटले, पण तो वाडगा एकोणिसाव्या शतकातला, हातांनी मन लावून रंगवलेला होता, आणि हे त्यांना सांगताना मला खरेच आनंद झाला.

भिंगाखाली काय पाहायचे? लोहाचा लाल पातळ असतो, उंच नसतो आणि वापराने विरतो. सोनेरी रेघ तर आधी जाते; कडेवर ती जागोजागी पुसट असणे स्वाभाविक आहे. जुन्या शिशाच्या मीन्याभोवती, विशेषतः हिरव्या आणि निळ्याच्या कडेला, वाडगा तिरपा धरल्यावर तेलाच्या तवंगासारखी सप्तरंगी झाक दिसते. ही झाक चांगली खूण आहे, पण एकटीच्या भरवशावर राहू नका. आम्लाने ती आणतात. आणि चित्रात छापील ठिपक्यांची जाळी दिसली, तर ते छापील चित्र चिकटवलेले आहे. तिथे तपासणी संपली.

पायरी ४: चित्र वाचा

इथे मराठी वाचक अनेक परदेशी संग्राहकांच्या पुढे असतो. त्यांना ज्या खुणा पुस्तकातून पाठ कराव्या लागतात, त्यांतल्या बऱ्याचशा आपल्या ओळखीच्या आहेत.

बौद्ध अष्टमंगल भारतातून तिबेटमार्गे चिनी दरबारात रुजले. मिंग बादशहा योंगलने १४०७ मध्ये तिबेटी गुरू पाचवे कर्मापा यांना नानजिंगला बोलावून घेतले होते. छिंग काळात छ्येनलोंग बादशहा (१७३६–१७९५) स्वतः तिबेटी बौद्ध धर्माचा अनुयायी होता. चांगक्या रोलपे दोर्जे हे त्याचे गुरू, आणि १७८० मध्ये तिबेटी धर्मगुरू पंचेन लामा त्याच्या भेटीला आले. मंदिरांच्या वेदीवर मांडायला ही आठही चिन्हे सुटी, पोर्सिलेनमध्ये घडवलेली असत. वाडग्यांवर ती सजावट म्हणून आली, बहुधा प्रत्येक चिन्ह एकेका उमललेल्या कमळावर ठेवलेले आणि भोवती फिती गुंफलेल्या.

चिनी माणूस त्यांचा क्रम एका दमात म्हणतो: लुन, लुओ, सान, गाय, ह्वा, ग्वान, यू, छांग. म्हणजे चक्र, शंख, छत्र, चांदवा, कमळ, कलश, मासे आणि गाठ. आपल्या यादीतला विजयध्वज चीनमध्ये चांदव्याचे रूप घेतो, त्यामुळे वाडग्यावर दोन छत्र्या दिसल्यासारखे वाटते. एक छत्र, दुसरा चांदवा. कलश आपल्या आंब्याच्या पानांच्या कलशासारखा नसतो, झाकणाच्या बरणीसारखा असतो. गाठ म्हणजे श्रीवत्स, सुरुवात आणि शेवट नसलेली. मासे जोडीने येतात. चिनी भाषेत मासा आणि सुबत्ता या शब्दांचा उच्चार सारखा, म्हणून तिकडे त्यांचा मान दुहेरी. जैन अष्टमंगलांची यादी वेगळी आहे, तिच्यात दर्पण आणि भद्रासन येतात. ती या वाडग्यांवर शोधू नका.

वाडगा हळूहळू फिरवत आठही मोजा आणि कागदावर क्रम लिहा. आता एक सापळा. पंखा, तलवार, भोपळा, चिपळ्या, फुलांची परडी, बांबूची नळी, बासरी आणि कमळ दिसले तर तो बौद्ध संच नव्हे. ती ताओ परंपरेतल्या आठ अमरांची चिन्हे आहेत. कमळ दोन्हीकडे असल्याने घाई करणारे चुकतात. वटवाघळे दिसली तर ती सौख्याची: चिनीत वटवाघूळ आणि सौभाग्य दोघांनाही "फू" म्हणतात.

मला सर्वांत प्रिय असलेले वाडगे आणखी वेगळे. काहींवर चित्राच्या जागी अक्षरे असतात, लांत्सा लिपीत. ही मूळची नेपाळच्या नेवार लोकांची रंजना लिपी, ब्राह्मीच्याच कुळातली, म्हणजे देवनागरीची दूरची बहीण. अक्षरे संस्कृत बीजाक्षरे असतात. डोक्यावरची जाड रेघ आणि खाली उतरणारे टोकदार दांडे न्याहाळा. थोड्या सवयीने ओंकार ओळखू येतो. शेकडो कोस दूरच्या गावात, संस्कृत न जाणणाऱ्या चिताऱ्याने नमुन्यावरून उतरवलेले ते अक्षर असते. ते किती नीट उतरले आहे, हीसुद्धा एक कसोटी: चांगल्या कामात अक्षराचे जोड शाबूत राहतात, घाईच्या कामात ते नुसती नक्षी होऊन जाते.

चित्रकाराचा हात पाहायला फितींकडे बघा. उत्तम कामात फीत वळते तिथे आतली बाजू वेगळ्या छटेत दिसते आणि ती चिन्हाच्या मागून पुढे येते. हलक्या कामात ती शेवयांसारखी सपाट पसरते. १७१२ मध्ये फ्रेंच जेझुइट पाद्री दांत्रकोल यांनी जिंगदेझेनहून लिहिलेल्या पत्रात नोंदवले आहे की एक भांडे सत्तर हातांतून जाते. एक जण रेषा काढतो, दुसरा रंग भरतो. म्हणून रेषा आणि रंग स्वतंत्रपणे तपासा. रेषा सुंदर आणि रंग बाहेर सांडलेला, असेही सापडते.

पायरी ५: बूड

आता वाडगा टॉवेलवर पालथा घाला. बुडाचे कडे, म्हणजे ज्यावर तो टेकतो ती गोल कड, बहुधा बिनझिलईची असते. पोर्सिलेनचे उघडे अंग दिसण्याची ही एकच जागा, म्हणून इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा.

चांगल्या छिंग कामात ती माती बारीक, पांढरी आणि बोटाला मऊ लागते. झिलई जिथे संपते तिथे अनेकदा केशरी-तपकिरी बारीक रेघ असते; अंगातले लोह आचेत वर आल्याची ती खूण. कडे नीट सोललेले, गोलसर असते. शेकडो वेळा लाकडावर, दगडावर टेकून झिजलेले कडे गुळगुळीत होते आणि मळ त्याच्या सूक्ष्म छिद्रांत आत मुरलेला असतो. चहाच्या पाण्याने किंवा बूटपॉलिशने आणलेला जुनेपणा वरवर पसरतो आणि खाचेत डबके केल्यासारखा साचतो. ओल्या कापसाचा बोळा एकाच जागी हलकेच टेकवून पाहा. रंग लगेच उतरला तर सावध व्हा.

झीज आतल्या तळाशीही तपासा. खऱ्या वापराचे ओरखडे वेगवेगळ्या दिशांना, वेगवेगळ्या खोलीचे असतात. सगळे एकाच दिशेने आणि सारखे असतील तर ते कोणी घासून आणले आहेत. वाडगा कधीच वापरला गेला नसेल तर ओरखडे जवळजवळ नसतीलही. मंदिरात किंवा कपाटात राहिलेली भांडी तशी असतात.

पायरी ६: आता शिक्का

इथवर तुमचे एक मत बनलेले असेल. ते आधी लिहून काढा: "अठराव्या शतकाचा शेवट" किंवा "एकोणिसाव्याचा उत्तरार्ध". मग शिक्का वाचा आणि तो त्या मताशी जुळतो का पाहा.

चिनी शिक्का वरून खाली आणि उजवीकडून डावीकडे वाचतात. सहा अक्षरांत पहिली दोन राजवट सांगतात, "दा छिंग" म्हणजे महान छिंग किंवा "दा मिंग". पुढची दोन बादशहाच्या कारकिर्दीचे नाव, शेवटची दोन "न्येन झी", म्हणजे "या काळात बनवले". अक्षरे तीन-तीनच्या दोन उभ्या रांगांत असतील तर कारकिर्दीचे नाव उजव्या रांगेत सर्वांत खाली आणि डाव्या रांगेत सर्वांत वर असते. दोन-दोनच्या तीन उभ्या रांगा असतील तर मधली रांग बघा. चार अक्षरी शिक्क्यात राजवटीचे नाव गाळलेले असते.

लिपीच्या दोन तऱ्हा: साधी हस्तलिखित आणि चौकोनी मुद्रालिपी. छ्येनलोंग, ज्याछिंग (१७९६–१८२०) आणि दाओग्वांग (१८२१–१८५०) यांच्या काळात मुद्रालिपीची चाल होती, तर तोंगझी (१८६२–१८७४) आणि ग्वांगशू (१८७५–१९०८) यांच्या काळात साध्या लिपीची. मधला श्येनफेंगचा काळ (१८५१–१८६१) छिंग राजवटीविरुद्धच्या तायपिंग बंडाचा. त्यात जिंगदेझेनच्या भट्ट्या उद्ध्वस्त झाल्या आणि १८६० च्या दशकात पुन्हा उभ्या राहिल्या. म्हणून त्याचे शिक्के कमी दिसतात. निळसर-हिरव्या बुडावर पांढरा चौकोन राखून त्यात लाल मुद्रालिपी, ही मांडणी छ्येनलोंगपासून दाओग्वांगपर्यंतच्या अष्टमंगल वाडग्यांवर पुन्हापुन्हा भेटते. काही सुंदर वाडग्यांवर चिनीऐवजी मंगोल लिपीत "बरागोन तुमेद" असे एका मंगोल तुकडीचे नाव असते. ते दाओग्वांग काळातले मानतात.

जुन्या बादशहाचे नाव घालणे म्हणजे दर वेळी फसवणूक असे मात्र समजू नका. पुढच्या पिढ्यांनी ते आदराने, जुन्या शैलीची आठवण म्हणूनही घातले आहे. इंग्रजीत "चायना" छापलेले असेल तर १८९० च्या अमेरिकी आयातकायद्यानंतरची निर्यात समजा, कारण त्या कायद्याने मालावर देशाचे नाव लिहिणे बंधनकारक केले.

पायरी ७: इजा आणि डागडुजी

टवका बोटाला लागतो, केसाएवढा तडा लागत नाही. तो पाहायला टॉर्च आतून तिरपी धरा. कोणी नखाने टिचकी मारून आवाज ऐकायला सांगेल. नवशिक्याने ते करू नये. अंधाऱ्या खोलीत अतिनील टॉर्च फिरवली तर नव्या रेझिनने भरलेली, रंगवलेली जागा भोवतालच्या पोर्सिलेनपेक्षा वेगळी चमकते. डोळ्यांवर तो प्रकाश घेऊ नका.

मागच्या बाजूला पितळी किंवा लोखंडी टाचण्या मारलेल्या दिसल्या तर त्या काढू नका. फुटलेले भांडे सांधणाऱ्या जुन्या कारागिरांचे ते काम आहे, आणि कोणीतरी हा वाडगा टाकून द्यायला तयार नव्हते, याचा तो पुरावा आहे.

पायरी ८: धुणे आणि ठेवणे

तपासणी संपली, फोटो झाले, डागडुजी नाही याची खात्री झाली, की मगच धुवा. प्लास्टिकच्या टबात टॉवेल अंथरा, कोमट पाणी, सौम्य साबणाचे दोन थेंब, मऊ सुती फडके. चिंच, लिंबू, पितांबरी, घासणी यांतले काहीही नको. शिशाच्या मीन्याला आम्ल खाते आणि सोनेरी रेघ एका घासण्यात जाते. तडा किंवा जोड असेल तर पाण्यात बुडवूच नका.

त्यात खाऊ नका. आंबट पदार्थात रंगातले शिसे उतरते. हळदीकुंकवासाठीही वापरू नका. तड्यात शिरलेली हळद निघत नाही. वाडग्यांची चळत लावायचीच असेल तर प्रत्येकात मऊ कापड घाला.

पायरी ९: नजर तयार करा, मग विचारा

खात्रीचे नमुने पाहिल्याशिवाय नजर बनत नाही. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहांतून आलेली चिनी आणि जपानी कला आहे. एकाच वाडग्यासमोर अर्धा तास उभे राहा. लंडनला जाणाऱ्यांनी ब्रिटिश म्युझियमच्या ९५ क्रमांकाच्या दालनात सर पर्सिव्हल डेव्हिड यांचा सुमारे १७०० वस्तूंचा संग्रह पाहावा. हा माणूस १८९२ मध्ये आपल्या मुंबईत जन्मला आणि चिनी पोर्सिलेनचा जगातला एक थोर जाणकार झाला.

कायदाही माहीत असू द्या. पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२ नुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू खासगी व्यक्तीला भारताबाहेर नेता येत नाही, आणि अशा वस्तूंचा धंदा करायला परवाना लागतो. परदेशातल्या लेकीकडे बॅगेतून वाडगा न्यायचा विचार असेल तर आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याकडे चौकशी करा. वस्तू पुरावशेष नसल्याचा दाखला त्यांच्याकडून मिळतो.

जाणकाराला फोटो पाठवताना नुसता शिक्का पाठवू नका. आठही चिन्हे येतील असे बाहेरून चार बाजूंचे फोटो, आतला तळ, बूड समोरून आणि तिरपे, रंगाचे भिंगातून जवळचे दोन, आणि प्रत्येक टवका. शेजारी मोजपट्टी ठेवा, व्यास, उंची, वजन लिहा. वाडगा घरात कोणी, कुठून, साधारण कधी आणला, हे घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाकडून ऐकून, तारीख घालून कागदावर उतरवा. तो कागद वाडग्यासोबत डब्यात ठेवा. वाडग्याला चिकटपट्टीने चिकटवू नका, ती सोलून काढताना सोनेरी रेघही सोबत घेऊन येते.